छोटी लाईन : सातपुड्याच्या रेल्वेची प्रतिकृति घरीं कशी करावी

विद्यार्थिमित्रहो, छंद दोन प्रकारचे असतात. कांहीं छंद मनुष्याचा वेळ नुसताच घेतात. कांहीं छंद घेतलेल्या वेळाच्या मोबदल्यांत हातांस व बुद्धीस कांहीं शिकवून जातात. रेल्वेची लहान प्रतिकृति तयार करण्याचा छंद दुसऱ्या प्रकारांत मोडतो. त्यांत गणित आहे, भूगोल आहे, सुतारकाम आहे, विजेचें शास्त्र आहे आणि इतिहासहि आहे. या छंदाचा आरंभ अल्प खर्चांत व योग्य क्रमानें कसा करावा, हें आम्ही या लेखांत सांगणार आहों. त्याबरोबरच, प्रतिकृतीसाठीं दूरदेशची गाडी न निवडतां आपल्या नागपूरचीच छोटी गाडी कां निवडावी, याचाहि विचार करणार आहों.

१. छोटी लाईन म्हणजे काय?

दोन रुळांच्या आंतल्या कडांमधील अंतरास गेज म्हणतात. आपल्या देशांत मुख्यतः चार गेजांचे मार्ग बांधले गेले. रुंद मार्ग १६७६ मिलीमीटरचा, म्हणजे साडेपांच फुटांचा; मीटर मार्ग नांवाप्रमाणेंच एक मीटरचा; आणि अरुंद मार्ग दोन प्रकारचे, एक ७६२ मिलीमीटरचा, म्हणजे अडीच फुटांचा, व दुसरा ६१० मिलीमीटरचा, म्हणजे दोन फुटांचा. रुंद मार्गाच्या रुळांमधील अंतर एका प्रौढ मनुष्याच्या उंचीइतकें भरतें; अडीच फुटी मार्गाचें अंतर लिहिण्याच्या साध्या मेजाच्या उंचीइतकेंच असतें. या अडीच फुटी मार्गालाच आपल्याकडील लोक प्रेमानें ‘छोटी लाईन’ म्हणत आले.

एवढा अरुंद मार्ग कां बांधला, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर डोंगरांत आहे. रूळ जवळ असले म्हणजे गाडीला आंखूड वळण घेतां येतें. मग डोंगर फोडण्याऐवजीं त्याला वळसा घालून जातां येतें. गाड्या हलक्या असल्यामुळें रूळ हलके चालतात, पूल लहान चालतात, आणि जेथें प्रवासी व माल थोडा, तेथेंहि रेल्वे परवडते. उलटपक्षीं वेग कमी राहतो, भार कमी वाहतां येतो, आणि जेथें छोटी लाईन रुंद मार्गास मिळते तेथें सर्व माल एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत भरावा लागतो. हा शेवटचा दोषच पुढें छोट्या लाईनीच्या अंतास मुख्यतः कारण झाला.

२. आपल्या प्रांताचा इतिहास

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे मुंबईकडून १८६७ मध्यें नागपुरास पोंचली. पुढें नागपुराहून छत्तिसगडाकडे मीटर मार्ग निघाला. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो आपल्याकडे घेऊन रुंद केला. याच कंपनीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं सातपुड्याच्या डोंगराळ मुलुखांत ७६२ मिलीमीटरचे मार्ग घातले. गोंदियाहून बालाघाट व नैनपूर या मार्गें जबलपूर, नैनपुराहून एकीकडे मंडला व दुसरीकडे छिंदवाडा, छिंदवाड्याहून सौंसर व सावनेर या मार्गें नागपूर, आणि नागपुराहून उमरेड व भिवापूर या मार्गें नागभीड, असें हें जाळें होतें. जंगलांतील लांकूड, बालाघाटाकडील मँगनीज, शेतांतील धान्य आणि बाजारास निघालेलीं माणसें, हीं सर्व या लहान डब्यांतून शंभर वर्षें ये-जा करीत होतीं.

महाराष्ट्रांत अशीं भावंडें आणखीहि होतीं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज अभियंत्यानें १८९७ मध्यें बार्शी लाईट रेल्वे सुरू केली. तिचेंहि गेज ७६२ मिलीमीटर होतें. कोणत्याहि आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडूं नये, असा नियम ठेवून त्यानें इंजिनें व डबे बनविले. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि जड माल सुरक्षित जाऊं लागला. वऱ्हाडांत मूर्तिजापुराहून एकीकडे यवतमाळ व दुसरीकडे अचलपूर येथें जाणारी गाडी लोकांत ‘शकुंतला’ या नांवानें प्रसिद्ध झाली. पीरभॉय कुटुंबानें बांधलेली, १९०७ मध्यें सुरू झालेली नेरळ-माथेरान रेल्वे मात्र याहूनहि अरुंद, म्हणजे दोन फुटी आहे.

१९९२ पासून देशांतील बहुतेक मार्ग एकाच रुंद गेजाचे करण्याचें धोरण रेल्वेनें स्वीकारलें. त्यानुसार नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन २०१५ मध्यें बंद झाली आणि नागपूर-नागभीड लाईन २०१९ मध्यें बंद झाली. याबद्दल केवळ हळहळ करणें शहाणपणाचें नव्हे. शेतकऱ्याचा माल वाटेंत न उतरवितां दूरच्या बाजारीं जावा, रुग्णाला मोठ्या रुग्णालयांत लवकर पोंचतां यावें, ही इच्छा कोण चुकीची म्हणेल? परंतु ज्या वस्तूनें शंभर वर्षें आपली सेवा केली ती कशी होती, हें पुढील पिढीस ठाऊक असावें, ही इच्छाहि तितकीच रास्त आहे. आज प्राथमिक वर्गांत असलेल्या मुलांना सावनेरकडे जाणारी छोटी गाडी आठवणें शक्य नाहीं. ती चालविणारे चालक, सांधेवाले, गार्ड व स्टेशनमास्तर आतां वृद्ध होत चालले आहेत. २००२ मध्यें नागपूरच्या मोतीबाग भागांत छोट्या लाईनीचें संग्रहालय उघडलें, हें आपलें भाग्य. तेथें इंजिन व डबे जपलेले आहेत. परंतु उभें इंजिन म्हणजे सर्व रेल्वे नव्हे. स्टेशनाचें कौलारू छप्पर, मालधक्का, सांध्याजवळची खोपटी, फाटकावरची वर्दळ, या गोष्टी संग्रहालयांत सहसा मावत नाहींत. त्या प्रतिकृतींत मावतात.

बाजारांत परदेशच्या रेल्वेच्या तयार प्रतिकृति पुष्कळ मिळतात. आपल्या सातपुड्याची गाडी तयार मिळण्याची आशा मात्र फारशी धरूं नये. ती आपणच केली पाहिजे, आणि म्हणूनच ती करण्यांत अर्थ आहे.

३. प्रमाणाचा हिशेब

प्रतिकृति करूं पाहणाऱ्यानें प्रथम दोन शब्दांतील भेद ओळखावा. प्रमाण म्हणजे खरी वस्तु किती पटींनीं लहान केली तें. गेज म्हणजे रुळांतील अंतर. एकास सत्त्याऐंशी (१:८७) हें प्रमाण घेतलें तर खऱ्या वस्तूचें प्रत्येक माप ८७ नीं भागावें. ७६२ भागिले ८७ म्हणजे सुमारें ८.८ मिलीमीटर. बाजारांत ९ मिलीमीटर गेजाचे रूळ सहज मिळतात. उलट हिशेब करून पाहा : ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३. खऱ्या गेजाहून फरक अवघा २१ मिलीमीटर, म्हणजे शेंकडा तीनहूनहि कमी. या जोडीला छंदी लोक ‘एचओई’ म्हणतात, आणि आपल्या छोट्या लाईनीस ती उत्तम लागू पडते.

मोठी प्रतिकृति करावयाची असल्यास एकास अठ्ठेचाळीस (१:४८) हें प्रमाण आणि १६.५ मिलीमीटरचे रूळ घ्यावे. १६.५ गुणिले ४८ म्हणजे ७९२. फरक ३० मिलीमीटर, शेंकडा चारच्या आंत. ज्यांचीं बोटें अजून लहान कामास सरावलेलीं नाहींत त्यांना हें मोठें प्रमाण सोपें जातें; मात्र जागा अधिक लागते.

येथें एक मौजेची गोष्ट लक्षांत येईल. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणांत मिळणारे नेहमींचे रूळ १६.५ मिलीमीटरचे असतात. ते ८७ नीं गुणले तर १४३५ मिलीमीटर होतात. हें युरोपांतील प्रचलित गेज होय, आपलें नव्हे. आपला रुंद मार्ग त्या प्रमाणांत १९.३ मिलीमीटर हवा. म्हणजे मुंबई मेलची प्रतिकृति तयार रुळांवर ठेवली तर ती खोटी दिसते. पण नागभीडची छोटी गाडी तयार रुळांवर जवळजवळ खरी दिसते. मोठ्या गाडीला जें साधत नाहीं तें छोटीला साधतें.

आणखी एक हिशेब. लांबी ८७ पटींनीं कमी झाली म्हणजे पृष्ठभाग ८७ गुणिले ८७, म्हणजे ७५६९ पटींनीं कमी होतो. आणि घनफळ ६,५८,५०३ पटींनीं. यामुळेंच पुठ्ठ्याचा डबा फार हलका होतो व वळणावर रुळांवरून उतरतो. त्याला मुद्दाम वजन द्यावें लागतें, तें पुढें सांगूं.

४. काय करावें तें आधीं ठरवावें

पुष्कळ मुलें आरंभींच डोंगर, बोगदा, पूल व तीन स्टेशनें आंखतात, आणि चौथ्या आठवड्यांत सर्व सामान पेटींत जाऊन पडतें. पहिल्या वर्षीं एकच लहान स्टेशन करावें. एक मुख्य मार्ग, त्यापासून एका सांध्यानें फुटणारा एक बाजूचा मार्ग, एक लहानशी इमारत, एक फलाट, एक मालधक्का. एवढें पुरे.

जागाहि मोजून घ्यावी. १२०० मिलीमीटर लांब व ४५० मिलीमीटर रुंद अशी फळी घेतली तर एकास सत्त्याऐंशी प्रमाणांत ती १०४ मीटर लांबीच्या भूमीइतकी होते. एवढ्यांत इंजिन व दोन-तीन डबे यांची गाडी येऊन उभी राहील, एक मालडबा सोडून देईल व परत जाईल. गाडी गोल फिरविण्याचा मोह प्रथम टाळावा. ९ मिलीमीटरच्या तयार वळणांत एक आंखूड त्रिज्या सुमारें २२८ मिलीमीटरची मिळते. तिचें वर्तुळच ४५६ मिलीमीटर रुंद होतें, आणि कडेला जागा सोडावयाची म्हणजे फळी निदान ६०० मिलीमीटर रुंद हवी. तें काम दुसऱ्या वर्षीं.

५. मोजणी व टिपणें

आतां खरा अभ्यास सुरू होतो. एक वही करावी. पालकांबरोबर संग्रहालयांत जावें. तेथील अधिकाऱ्यांची अनुमति घेऊन एका डब्याचीं मापें घ्यावीं : लांबी, रुंदी, रुळांपासून छपरापर्यंत उंची, खिडक्यांची संख्या व त्यांमधील अंतर, चाकांचा व्यास. मोजपट्टी पोंचत नसेल तेथें एक मीटर लांबीची, दर दहा सेंटीमीटरांवर खूण केलेली काठी डब्याशेजारीं उभी धरून समोरून छायाचित्र घ्यावें. मग घरीं काठीशीं तुलना करून इतर मापें काढतां येतात. विटांची भिंत असेल तर एक वीट मोजून थर मोजावे, म्हणजे भिंतीची उंची निघते. चालू रेल्वेच्या रुळांवर अथवा बंद मार्गाच्या पुलांवर मात्र कोणीहि जाऊं नये. मोजणीसाठीं जीव धोक्यांत घालणें हा अभ्यास नव्हे, अविचार होय.

इंजिनाच्या अंगावरील अक्षरेंहि वाचण्यास शिकावें. भारतीय रेल्वेच्या वर्गीकरणांत पहिलें अक्षर गेज सांगतें : डब्ल्यू म्हणजे रुंद, वाय म्हणजे मीटर, झेड म्हणजे अडीच फुटी, एन म्हणजे दोन फुटी. डिझेल इंजिनांत दुसरें अक्षर डी म्हणजे डिझेल, आणि तिसरें एम म्हणजे प्रवासी व माल या दोन्ही कामांचें. छोट्या लाईनीवर शेवटीं धांवलेलें ‘झेडडीएम’ हें नांव आतां तुम्हांस आपोआप उलगडेल. माथेरानच्या जुन्या डिझेल इंजिनास ‘एनडीएम’ कां म्हणत, हेंहि उलगडेल.

मापांहून मोलाची गोष्ट म्हणजे आठवणी. आपल्या मोहल्ल्यांत, नात्यांत वा ओळखींत छोट्या लाईनीवर काम केलेले काका-आजोबा असतील, तर त्यांच्याकडे नम्रपणें जावें. ‘आजोबा, सांधा कसा बदलीत होतां? रात्रीं कोणता दिवा दाखवीत होतां? पावसाळ्यांत गाडी कोठें अडे? स्टेशनावर पाणी कोठून येई? खिडक्यांना कोणता रंग होता?’ असे प्रश्न विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवावें. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहींत तर दोन्ही लिहाव्या. आपल्या मनानें एक खोडूं नये. प्रतिकृति कदाचित् दहा वर्षांनीं मोडेल. ही वही मोडणार नाहीं.

६. पाया व रूळ

९ मिलीमीटर जाडीचें प्लायवुड घ्यावें व खालीं लांकडी पट्ट्यांची चौकट ठोकावी, म्हणजे फळी वांकत नाहीं. नागपूरचा उन्हाळा कडक आणि पावसाळा दमट. म्हणून फळीच्या दोन्ही बाजूंस व कडांस रंगाचा हात द्यावा. एकाच बाजूस रंग दिला तर दुसरी बाजू ओल शोषते व फळी पिळवटते.

रुळांखालीं पातळ कॉर्कची पट्टी चिकटवावी. तिनें आवाज कमी होतो व खडीला उंचवटा मिळतो. रुळांच्या जोडाशीं सुमारें अर्ध्या मिलीमीटरची फट ठेवावी. हिवाळ्याच्या सकाळींहून उन्हाळ्याच्या दुपारीं तपमान तीस अंशांनीं वाढलें तर १२०० मिलीमीटर लांब रूळ अर्ध्या मिलीमीटरहून किंचित् अधिक वाढतो. खऱ्या रेल्वेवरील रुळांच्या सांध्यांत फट ठेवीत त्याचेंहि हेंच कारण. आणि जुन्या गाडींत बसल्यावर ऐकूं येणारा तालबद्ध खडखडाट त्या फटींचाच.

सांधा मात्र तयार घ्यावा. तो घरीं करणें आरंभीं जमत नाहीं. खडी म्हणून बारीक वाळू चाळून, धुवून, वाळवून घ्यावी. ती ब्रशानें रुळांमध्यें पसरावी, सांध्याचे हलणारे भाग मोकळे ठेवावे, आणि मग पाण्यांत पातळ केलेला पांढरा गोंद थेंबाथेंबानें सोडावा.

फुकटांत मिळणारी एक वस्तु येथें फार उपयोगी पडते, ती म्हणजे आगकाडी. अडीच फुटी मार्गाचा लांकडी स्लीपर साधारणतः १५२५ मिलीमीटर लांब व १८० मिलीमीटर रुंद असतो. ८७ नीं भागा : साडेसतरा मिलीमीटर लांब व दोन मिलीमीटर रुंद. गूल काढलेली आगकाडी जवळपास तेवढीच जाड असते! अशा काड्या कापून, चहाच्या पाण्यांत बुडवून वाळवल्या म्हणजे जुन्या स्लीपरांचा ढीग तयार होतो. तो मालधक्क्याशेजारीं रचावा.

७. पहिला डबा व इंजिन

पहिल्यानें इंजिनास हात घालूं नये. उघडा मालडबा करावा. त्याच्या चार बाजू व तळ, एवढींच पांच अंगें. वहींतील मापें प्रमाणानें भागून जाड पुठ्ठ्यावर टोंकदार पेन्सिलीनें आंखावीं, धारदार सुरीनें पोलादी पट्टीच्या आधारानें कापावीं, व गोंदानें जोडावीं. एका घावांत पुठ्ठा कापण्याचा हट्ट धरूं नये. चार हलके घाव एका जोरदार घावापेक्षां सरळ जातात, आणि बोटहि शाबूत राहतें. चाकें व आंस विकत घ्यावे.

डबा झाल्यावर तो सपाट कांचेवर ठेवावा. एका कोपऱ्यावर बोट टेकतांच तो डुलला, तर चारहि चाकें टेकत नाहींत असें समजावें. असा डबा सांध्यावर हमखास घसरेल. आंस समांतर होईतों सुधारणा करावी. मगच रंग द्यावा. नंतर तळाच्या मध्यभागीं, शक्य तितकें खालीं, लोखंडी चकत्या चिकटवाव्या. भार एका टोकास न पडतां दोन्ही आंसांवर सारखा पडला पाहिजे. कॅलथ्रॉपनें बार्शीस पांच टनांच्या नियमानें जें साधलें, तेंच आपण येथें चार चकत्यांनीं साधतों.

इंजिनासाठीं एक युक्ति आहे. याहून लहान, म्हणजे एकास एकशेंसाठ प्रमाणाच्या रुंद गाड्यांचीं इंजिनेंहि ९ मिलीमीटरच्या रुळांवरच चालतात. अशा इंजिनाचा चाकें व मोटर असलेला खालचा भाग ठेवावा आणि वरचें कवच काढून त्या जागीं आपण मोजलेल्या इंजिनाचें, एकास सत्त्याऐंशी प्रमाणांतलें, पुठ्ठ्याचें कवच बसवावें. डिझेल इंजिनाचें अंग चौकोनी असल्यामुळें नवशिक्यास तें सोपें. वाफेच्या इंजिनाचा गोल बाष्पकोश, धुराडें व दांडे हात बसल्यावर करावे.

८. वीज व वेग

अशीं इंजिनें बहुधा १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतात. एका रुळांतून प्रवाह येतो, चाकांवाटे मोटरमध्यें जातो, आणि दुसऱ्या रुळांतून परत जातो. दोन्ही तारांची अदलाबदल केली म्हणजे गाडी उलट चालते. यासाठीं मिळणारी तयार नियंत्रक-पेटीच वापरावी. घरांतील २३० व्होल्टांच्या विजेशीं मुलांनीं कोणताहि प्रयोग करूं नये. तारा रुळांस झाळण्याचें काम वडील माणसांच्या देखरेखीखालीं करावें. गाडी अडखळूं लागली तर बहुतेक वेळां दोष मोटरीचा नसून धुळीचा असतो. रूळ व चाकें स्वच्छ कोरड्या फडक्यानें पुसावीं.

गाडी किती वेगानें चालवावी? खरी गाडी ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाते असें धरलें, तर ती सेकंदास ८.३ मीटर जाते. ८७ नीं भागल्यावर साडेनऊ सेंटीमीटर येतात. म्हणजे आपल्या १२०० मिलीमीटरच्या फळीवरून जाण्यास तिला साडेबारा सेकंद लागले पाहिजेत, आणि स्टेशनांत शिरतांना त्याहून अधिक. गाडी भरधांव सोडणाऱ्याच्या हातांत खेळणें राहतें. घड्याळ लावून चालविणाऱ्याच्या हातांत रेल्वे येते.

९. आपला देखावा

देखाव्यांत आल्प्स पर्वताचे हिरवे उतार दाखवूं नयेत. आपली भूमि काळी आहे. उन्हाळ्यांत ती भेगाळते. सावनेर-सौंसरकडे संत्र्यांच्या बागा आहेत, भिवापुराकडे मिरचीचीं शेतें आहेत, डोंगराकडे साग आहे, आणि शिमग्याच्या सुमारास पळस पेटतो. ऋतु एकच निवडावा. पळस फुलला असेल तर भाताचें हिरवें शेत शेजारीं दाखवूं नये. साडेपांच फूट उंचीचा मनुष्य या प्रमाणांत सुमारें १९ मिलीमीटरचा होतो; फलाटावर असे चार मनुष्य, एक बैलगाडी व एक कुत्रें असलें म्हणजे स्टेशन जिवंत होतें. स्टेशनाचें नांव, फलाटाची बाजू, छपराचा उतार यांविषयीं वहींत आधार असेल तेंच करावें. जेथें आधार नाहीं तेथें पाटीवर ‘कल्पित’ असें लिहावें. पाहणाऱ्यास खरें काय व कल्पिलेलें काय हें कळलें पाहिजे.

१०. पालकांस दोन शब्द

पालकांनीं या छंदासाठीं महिन्याची एक ठराविक रक्कम नेमून द्यावी व तिच्या बाहेर जाऊं नये. पुठ्ठा, वाळू, आगकाड्या व कागद घरांतच मिळतात. विकत घ्यावयाच्या वस्तु म्हणजे रूळ, एक सांधा, चाकें, नियंत्रक-पेटी व एक इंजिन. चार मित्रांनीं मिळून एक फळी केली तर खर्च वांटला जातो व कामहि. ज्यांस एवढेंहि परवडत नाहीं त्यांनीं रूळ व मोटर यांवांचून केवळ स्टेशनाची इमारत व एक डबा पुठ्ठ्याचा करावा; मोजणी खरी असेल तर त्याचें मोल धांवत्या गाडीहून रतिभर कमी नाहीं. मुलाचें काम वांकडें झालें तरी तें स्वतः दुरुस्त करून देऊं नये. कांचेवर डुलणारा डबा मुलाला जें शिकवितो तें वडिलांच्या कुशल हातानें शिकवितां येत नाहीं.

छोटी लाईन पुन्हां धांवणार नाहीं. परंतु ती किती रुंद होती, तिच्या खिडक्या किती होत्या, सांधेवाला दिवा कसा धरीत असे, हें खरेपणानें सांगूं शकणारीं माणसें आज आपल्यांत आहेत. आणखी वीस वर्षांनीं तीं नसतील. तोंपर्यंत ज्याच्या हातीं मोजपट्टी व वही आहे, असा आमचा प्रत्येक विद्यार्थी या इतिहासाचा एक राखणदार होऊं शकतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) माथेरान रेल्वेचें गेज ६१० मिलीमीटर आहे. ९ मिलीमीटरचे रूळ तिला तंतोतंत लागू पडावयाचे असतील तर प्रमाण कोणतें घ्यावें लागेल?

(२) इतवारीस रुंद व छोटे असे दोन्ही रूळ दाखवावयाचे आहेत. १:४८ प्रमाणांत त्यांचीं गेजें किती मिलीमीटर येतील?

(३) आपल्या वर्गखोलीची लांबी, रुंदी व उंची मोजून १:८७ प्रमाणांत तिचा पुठ्ठ्याचा नमुना करा. त्यांत १९ मिलीमीटरचे किती मनुष्य दाटी न होतां उभे राहतील तें सांगा.

(४) छोट्या लाईनीनें प्रवास केलेल्या एका वडील माणसास भेटून त्यांच्या आठवणी एक पानभर, त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून आणा.